‘हो’ नसलेली भाषा

आईला इंग्रजी शिकवायचं ठरलं तेव्हा तिचा ताप उतरून जेमतेम आठवडा झाला होता. अख्खं इंग्रजी नव्हे, दोनच शब्द. येस आणि नो. तेवढ्यावर आम्हा तिघींचं क्यूबेकला जाणं अडलं होतं.

शिकवणारा मुर्ताकाका. तो दर उन्हाळ्यात समुद्र ओलांडून इंग्लंडात कापणीला जायचा, त्यामुळे आमच्या वाडीत इंग्रजी येणारा तो एकटाच. खरं तर त्याला शिव्याच जास्त येत, पण त्या शिकवायला त्यानं साफ नकार दिला. त्या जहाजावर आपोआप शिकाल म्हणाला.

आमची अडचण ज्यांना इंग्रजी घरचीच आहे त्यांना कळायची नाही. आमच्या आयरिश भाषेत ‘हो’ला शब्दच नाही. ‘नाही’लाही सुटा शब्द नाही. कुणी विचारलं, जेवलीस का, तर जेवले म्हणायचं, नाहीतर जेवले नाही म्हणायचं. कुणी विचारलं, गाय व्याली का, तर व्याली. जे विचारलं ते उचलून परत त्याच्या हातात ठेवायचं, ही आमची रीत. नुसतं मान हलवल्यासारखं एका अक्षरात उत्तर देणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. आणि माझी आई तर रीतीभातीची एवढी पक्की की दारात आलेल्या भिकाऱ्यालाही आधी बसा म्हणायची, मग सांगायची की घरात काही नाही.

‘डॉक्टर दोन गोष्टी विचारतो,’ मुर्ताकाका म्हणाला. ‘पहिली, बरी आहेस ना? तू म्हणायचं येस. दुसरी, ताप आला होता? तू म्हणायचं नो. झालं. जीभ दाखवायची आणि पुढे व्हायचं.’

‘एवढ्या शिकलेल्या माणसाला एका अक्षरात उत्तर? तो म्हणेल, या बाईला काही वळण नाही.’

‘त्याला तुझं वळण बघायचं नाहीये गं, जीभ बघायचीय.’

‘आणि ताप तर आला होता,’ आई म्हणाली. ‘नो म्हणजे खोटंच की.’

मुर्ताकाकानं डोकं खाजवलं. मग त्यानं जे सांगितलं त्यावर मी त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं. तो म्हणाला, हे शब्द आहेत असं समजूच नकोस. हा तोंडातून काढायचा आवाज आहे. मेंढरू काढतं, गाय काढते, तसा. आवाजात कसलं आलंय खरंखोटं?

आईला ते पटलं. त्या दिवसापासून ती काम करता करता दोन्ही आवाज काढून बघायची. माझी धाकटी बहीण साइव, सतराची होती तेव्हा, तोंडानं भारी फटकळ, ती आईला मुद्दाम विचारायची, मी तुझी जास्त आवडती ना, येस की नो? आई तिला टपली मारायची आणि हसायची. बाबा गेल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदा बघत होते, आणि हसून दम लागला की माझा जीव वर-खाली व्हायचा. हा दम कसला, हसण्याचा की तापाचा?

कारण हा ताप फसवा होता. आठवडाभर माणूस भाजून निघतं, मग घामाघूम होतं, ताप उतरतो, माणूस उठून चुलीपाशी बसतं, घरचे देवाला हात जोडतात. आणि आठवडा-दीड आठवडा गेला की तोच ताप पुन्हा धरतो. शेजारच्या वाडीत एकेकाला तीन-तीनदा धरलं होतं. म्हणून मी काही ना काही निमित्त काढून आईला हात लावत असे. शाल नीट करते, केसात काडी अडकलीय, काहीही. तिलाही ते कळत होतं. ती हात लावू द्यायची.

आता या सगळ्यात आमच्या जमीनमालकाला काय पडली होती आम्हाला जहाजात बसवायची, ते सांगायला हवं.

आमच्याकडे, म्हणजे सगळ्या क्लेअर भागात, सरळ रीत होती. बटाटा खायचा आणि ओट विकून जमिनीचा खंड भरायचा. डुक्कर असेल तर तेही खंडाच्या नावानंच वाढायचं. दोन वर्षं लागोपाठ बटाटा जमिनीतच काळा पडून सडला. ओट मात्र छान पिकले. ते खावेत, तर खंड राहतो आणि खंड राहिला की घर जातं. म्हणून लोकांनी ओट विकले आणि घरात बसून उपाशी राहिले. हे इकडे कुणाला सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. काढू देत. त्यांच्या दारात पहार घेतलेली माणसं कधी उभी राहिली नाहीत.

मग एकेक करून सगळंच बंद पडलं. आधी लोहार गेला, कारण फाळ कुणाला लावायचा होता? मग विणकर गेला. चाळीस दिवसांच्या मोठ्या उपासाच्या आधी आमच्याकडे लग्नांची नुसती झुंबड असते, त्या वर्षी आमच्या पाद्रीबाबांनी एकही लग्न लावलं नाही. मयतांतून मात्र त्यांना उसंत नव्हती. सरकारनं अमेरिकेचा पिवळा मका आणला, तो दगडासारखा कठीण. तो कसा शिजवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, अर्धा कच्चा खाल्ला आणि पोरांची पोटं फाटायची वेळ आली. आमचे बाबा सरकारी रस्त्यावर खडी फोडायला जात. तो रस्ता टेकडीच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथेच संपला. बाबाही तिथेच संपले, बर्फाच्या दिवसांत, खडीच्या ढिगावर टेकले ते उठलेच नाहीत.

गरिबांना पोसायची पट्टी शेवटी जमीनमालकांवर बसली. तेव्हा आमच्या मालकानं विचार केला की या कुळांना वर्षभर पोसण्यापेक्षा एकदाच जहाजात बसवून दिलेलं स्वस्त पडेल, आणि जमीन मोकळी झाली की तिथे गुरं सोडता येतील. गुरं कुरकुर करत नाहीत आणि त्यांना बाजार आहे. शिवाय क्यूबेकहून लाकूड घेऊन येणारी जहाजं परतीला रिकामीच असायची, तोल सांभाळायला तळाशी दगड भरून न्यायची. दगडांच्या जागी आम्ही.

मालकाच्या कारभाऱ्यानं दोन अटी घातल्या. पहिली, आपल्या घराचं छप्पर आपल्या हातानं उतरवायचं, म्हणजे मागे कुणी फिरकायला नको. ते उतरलेलं त्याच्या माणसानं बघितलं की मगच तिकीट. दुसरी अट डॉक्टरची. लिमरिकच्या धक्क्यावर डॉक्टर प्रत्येकाला तपासेल, आणि ज्याच्या घरात ताप निघेल ते सगळं घर मागे. एकटा माणूस नाही, सगळं घर. मागच्या एका जहाजावर ताप पसरला होता, तेव्हापासून कप्तान हटून बसले होते.

म्हणजे छप्पर आधी, डॉक्टर मग. मध्ये कुठे आईचा ताप परतला तर आम्ही ना घरच्या ना जहाजाच्या. मी आईला म्हटलं, पुढच्या जहाजाला जाऊ, तोपर्यंत तू बरी की नाही ते तरी समजेल.

आई चुलीतली राख सारखी करत होती. ‘पुढच्या जहाजापर्यंत खायचं काय?’ ती म्हणाली. ‘मी बरी होईन गं. तोवर तुम्ही पडाल. ते बघायला मला बसवू नकोस, ओनोरा.’

रागानं बाहेर जाऊन मी पहार आणली.

छप्पर उतरवायच्या सकाळी आईनं चुलीतले निखारे तव्यात घेतले आणि मागे राहणाऱ्या मुर्ताकाकाच्या चुलीत नेऊन घातले. आमच्याकडे चूल कधी विझू देत नाहीत, आमची तर आजीच्या सासूपासून पेटलेली होती. आणि परत येऊन बाईनं काय करावं? झाडू घेतला आणि घर झाडायला लागली.

‘पाडायच्या घराला झाडू?’ साइव म्हणाली. ‘आता लिंपायलाही घे, म्हणजे पडताना शोभून दिसेल.’

‘कारभाऱ्याचा माणूस आत बघणार आहे,’ आई म्हणाली. ‘कचरा बघून काय म्हणेल?’

कारभाऱ्याच्या माणसानं आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. तो घोड्यावरच बसून होता. आम्ही दोघींनी गवताचे दोर कापले, गवत खाली ओढलं, मग मुर्ताकाकानं आढ्याखाली पहार घातली. आढं खाली आलं तेव्हा एवढी धूळ उडाली की आईला खोकल्याची ढास लागली. मी खोकला ऐकत होते आणि तो माणूस आईकडे बघत होता. मी पुढे होऊन त्याच्या आणि आईच्या मध्ये उभी राहिले आणि त्याला गवताबद्दल कायसंसं विचारलं. त्याला आयरिश येत नव्हतं. त्यानं तिकिटं फेकली आणि तो पुढच्या घराकडे वळला. तिथेही आमच्याच आडनावाचे, मॅकइनर्नीच राहत होते. आमच्या वाडीत सगळेच मॅकइनर्नी, मुर्ताकाकाचं एक घर सोडून.

लिमरिक दोन दिवसांच्या चालीवर. रस्ताभर ओटांच्या गाड्या आमच्या पुढे-मागे होत्या. गाड्यांच्या दोन्ही बाजूंनी बंदुका घेतलेले शिपाई, कारण लोक गाड्या लुटायला लागले होते. त्या पोत्यांत आमच्याच भागाचे ओट होते. ते त्याच धक्क्यावर चालले होते जिथे आम्ही चाललो होतो, फक्त त्यांना सोबत पाठवली होती आणि आम्हाला नाही. एका शिपायानं बाजूला व्हा म्हणून आमच्यावर खेकसून इंग्रजीत काहीतरी विचारलं. आईनं घाईघाईनं त्याला येस आणि नो दोन्ही देऊन टाकले. शिपाई हसला आणि निघून गेला. आईला वाटलं परीक्षा पास झाली. तिला फार आनंद झाला, आणि पुढे मैलभर ती पावलागणिक तेच म्हणत राहिली. माझे कान किटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे गाल लाल दिसले. मी शाल नीट करायच्या निमित्तानं हात लावला. गरम नव्हते. म्हणजे थोडे गरम होते. चालून होतात, ऊन होतं, माझेही झाले असतील. मी माझ्या गालाला हात लावून बघितला, मग साइवच्या, मग पुन्हा आईच्या. कशानंच काही ठरेना. साइव म्हणाली, आता शिपायाच्याही गालाला हात लावून ये. मी तिच्यावर ओरडले. ती रडायला लागली, तेव्हा मला कळलं की तीही मघापासून तेच बघत होती.

‘पोरींनो, मी बरी आहे,’ आई म्हणाली. आमच्या भाषेत म्हणाली, म्हणून मी विश्वास ठेवला. खोटं बोलायला तिला कधी जमलंच नव्हतं.

धक्क्यावर ही गर्दी. एक जाड दोर आडवा बांधलेला, त्याच्या पलीकडे जहाजाची फळी. दोराजवळ एका पिंपावर कारकून याद्या घेऊन बसलेला आणि त्याच्या शेजारी डॉक्टर. तरुणच होता, दाढी धड न आलेला. रांग पटापट पुढे सरकत होती. डॉक्टर इंग्रजीत विचारायचा, माणूस येस म्हणायचा, पुन्हा विचारायचा, माणूस नो म्हणायचा, जीभ, पुढे. मुर्ताकाकानं सांगितलं होतं अगदी तस्सं. सगळ्यांचे मुर्ताकाका कुठे ना कुठे असणार. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग आमच्या पुढे सातआठ माणसांवर एक घर अडलं. पोराच्या अंगावर पुरळ होतं. डॉक्टरनं मान हलवली आणि कारकुनानं सगळ्या घरादाराला दोराच्या अलीकडे काढलं, आजी, बाप, कडेवरची पोरगी, सगळे. बाप म्हणत होता की पोरगं राहील, आम्हाला जाऊ द्या. त्याच्या बायकोनं ते ऐकलं आणि त्याच्या तोंडात मारली. त्यांची पेटी कुणीतरी फेकली ती फुटली. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि आईचा हात धरला. तो गरम होता. या वेळी मला शंका राहिली नाही. तिला ताप चढत होता.

‘येस, मग नो,’ मी तिच्या कानात म्हटलं.

‘माहीत आहे गं,’ ती म्हणाली. ‘घाबरवू नकोस.’

आमची पाळी आली. आई पुढे, मग साइव, मग मी. आईनं शाल सारखी केली, हनुवटी वर केली आणि येस तोंडात तयार ठेवून उभी राहिली. डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं, तिचं मनगट हातात घेतलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग तो बोलला. इंग्रजीत नाही. पश्चिमेकडच्या हेलात, आमच्याच भाषेत.

‘फार दमलात, माउली,’ तो म्हणाला. ‘ताप आला होता का?’

इतक्या महिन्यांत माझ्या आईला परक्या कुणी दमलात का म्हणून विचारलं नव्हतं. कारभाऱ्यानं नाही, शिपायानं नाही, मका वाटणाऱ्यांनी नाही. एवढा शिकलेला माणूस, हात धरून, आदरानं विचारतो आहे. त्याला काय आवाज काढून दाखवायचा? आणि आमच्या भाषेत आवाज काढून सुटता येत नाही. त्यानं विचारलेलं उचलून त्याच्या हातात ठेवावं लागतं.

‘आला होता,’ आई म्हणाली. ‘पण देवाच्या दयेनं उतरला हो.’

आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. मी तिच्या मागे होते, मला तिची फक्त मान दिसत होती. मान ताठ झाली. डॉक्टरनं डोळे मिटून घेतले. तो बिचारा भला माणूस होता, त्याच्या भलेपणानंच आमचा घात केला. मला तेव्हा त्याचा गळा दाबावासा वाटला. त्यानं हळूच कारकुनाला काही सांगितलं.

कारकून उठला. त्यानं यादीवर बोट फिरवलं. मॅकइनर्नी, मॅकइनर्नी, मॅकइनर्नी, पानभर. कारभाऱ्याचा माणूस धक्क्यावर तोंड दाखवून केव्हाच गुत्त्यात गेला होता, त्यामुळे कोण कुणाचं हे सांगायला कुणी नव्हतं. कारकुनानं वर बघितलं, बोट साइवकडे केलं, मग माझ्याकडे केलं, आणि आईला इंग्रजीत विचारलं. शब्द कळले नाहीत, पण काय विचारलं ते दगडालाही कळलं असतं.

आईनं मागे वळून आमच्याकडे बघितलं. बाजारात अनोळखी बाईकडे बघावं तसं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ती कारकुनाकडे वळली.

‘नो,’ ती म्हणाली.

साइवनं तोंड उघडलं. मी मागून तिच्या दंडाला असा चिमटा काढला की नखं रुतली. कारकुनानं पुन्हा विचारलं, या वेळी नुसतं साइवकडे बोट करून, कारण साइव म्हणजे आईची हनुवटी, आईचं कपाळ, सगळी आईच.

‘नो,’ आई म्हणाली. छान, स्पष्ट म्हणाली. मुर्ताकाकाला अभिमान वाटला असता.

कारकुनानं तिला दोराच्या अलीकडे काढलं. तिनं आपलं बोचकं उचललं आणि गेली. आता डॉक्टर आम्हा दोघींकडे बघत होता. त्याला आयरिश येत होतं आणि डोळे होते. तीन हनुवट्या त्यानं एकाच जागी बघितल्या होत्या. त्यानं साइवला सोडलं आणि मला विचारलं, आमच्याच भाषेत, म्हणजे पळायला वाट नाही.

‘तुमच्या घरात ताप होता का?’

होता म्हटलं तर गेलो. नव्हता हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. आईची पोरगी मी, मला कुठलं येतंय? माझ्या डोळ्यांपुढे गवत आणि धूळ आणि पडलेलं आढं होतं.

‘घर नाही आम्हाला, डॉक्टर,’ मी म्हटलं. ‘आमच्या हातानं पाडलं.’

मागचे लोक ढकलत होते. मग त्यानं आमच्या जिभासुद्धा बघितल्या नाहीत. पुढे व्हा म्हणाला, आणि आमच्या मागच्या माणसाला इंग्रजीत विचारायला लागला.

फळी कशी चढलो ते मला आठवत नाही. वरच्या कठड्याशी उभं राहिल्यावर साइवनं माझा हात झटकला.

‘मी खाली जाते,’ ती म्हणाली.

‘जा. म्हणजे तिनं जे केलं ते फुकट.’

‘मग निदान हाक मारते.’

‘एक शब्द काढलास तर तिघी खाली. कारकून अजून तिथंच आहे.’

ती मला काय काय बोलली. सगळं खरं होतं. मी खाली शोधत होते. आई कुठे जाईल? घर पाडलेलं. लिमरिकचा गरीबखाना भरून वाहत होता, तापकऱ्यांना दारातूनच परत पाठवत होते. मुर्ताकाकाकडे जायचं म्हणजे दोन दिवस चालायचं, तेही चढत्या तापात. मला ती दिसेना. मग दिसली. दोरालगत, गर्दीत, बोचकं पोटाशी धरून. तिचे डोळे आमच्यावरच होते, पण चेहरा सपाट ठेवला होता, कारण कारकून तिच्यापासून चार हातांवर बसला होता. हात हलवायचीही तिला सोय नव्हती.

दोर सोडले आणि धक्क्यावर एकच आकांत उठला. आमच्याकडे जहाजानं जाणाऱ्याला मेलेलाच धरतात. मयताला जसं नाव घेऊन, हेल काढून रडतात तसंच त्याला रडतात, आणि तशा रडण्यात शेजारणीही सूर मिसळतात, मयत कुणाचं का असेना. आईच्या शेजारी तपकिरी शालीतली एक म्हातारी आपल्या मुलासाठी रडत होती. फेलिम, फेलिम, माझ्या फेलिम. तो फेलिम आमच्याच शेजारी कठड्याला धरून उभा होता, लाल चेहऱ्याचा दांडगा गडी, नाक पुसत.

आईनं बोचकं खाली ठेवलं. ती त्या म्हातारीजवळ गेली, तिचा कोपर धरला आणि तिच्या सुरात सूर लावला. आईला आमच्या भागात मयताला मुद्दाम बोलवायचे, एवढा तिचा आवाज होता. तो आता धक्क्यावरच्या सगळ्या आवाजांच्या वर चढला. कारकुनानं एकदा बघितलं आणि पुन्हा यादीत डोकं घातलं. एक म्हातारी रडते आहे, दुसरी तिला साथ देते आहे, त्यात बघायचं काय?

‘फेलिम,’ आई रडत होती, आणि तिची नजर आम्हा दोघींवरून हलत नव्हती. ‘माझ्या हातचं खाऊन वाढलास, फेलिम. तुझी वेणी आता कोण घालेल? थंडीत कुणाच्या कुशीत शिरशील? भांडू नका गं दोघी, फेलिम, एकमेकींना सोडू नका.’

फेलिम आपल्या डोक्यावरून हात फिरवत माझ्याकडे वळला. ‘ही कोण बाई?’ तो म्हणाला. ‘आणि वेणी कसली?’

मध्ये पाणी वाढत चाललं होतं. आईनं पुन्हा हाक मारली, फेलिम म्हणून, आणि या वेळी तिचा आवाज फाटला. मी साइवला जवळ ओढलं, कठड्यावरून वाकले आणि जेवढा दम होता तेवढ्या दमानं ओ दिली.